अणुचाचणीचा दोष नसल्याचा दाखला

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी मॅडम,
प्राथमिक आरोग्य केंद्र, कवठाखेड,
ता. बाळापूर, जि. अकोला.

अर्जदार : केशरबाई देवमन सिरसाट, रा. कवठाखेड.

विषय : नातीच्या अंगी अणुचाचणीचा दोष नसल्याचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : "असा दाखला नसतो" हे आपले तोंडी उत्तर.

महोदया,

उपरोक्त विषयी सविनय सादर की, सन १९९८ च्या उन्हाळ्यात अर्जदार व तिचे पती राजस्थानात कालव्याच्या कामावर होते. बिऱ्हाड चाचणीच्या जागेजवळच्या गावात होते व कन्या भावना अर्जदाराच्या पोटात होती. एके दिवशी जवानांनी सर्वांना घराबाहेर काढून उन्हात बसवले. दुपारनंतर जमीन हादरली, भिंतींना तडे गेले. संध्याकाळी पेढे वाटले गेले. अर्जदारानेही खाल्ला, खोटे कशाला सांगावे.

पती देवमन यांना त्या दिवसाचा भारी अभिमान. लग्नाच्या पंगतीत, पारावर, चार माणसे दिसली की "आमी होतो ना तती! जमीन पाळण्यावानी हालली!" हे सांगितल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. भावनाच्या सोयरिकीत व्याह्यांनाही त्यांनी हेच ऐकवले. पुढे ते रक्ताच्या कर्करोगाने गेले. भावनाचा गर्भ दोनदा अर्ध्यातच पडला. आता मुलगी झाली, तर वरचा ओठ फाटका. तेव्हा व्याह्यांना ती जुनी गोष्ट आठवली.

असा ओठ कोणाच्याही लेकराचा असू शकतो व शस्त्रक्रियेने नीट होतो, हे आपले म्हणणे अर्जदाराने त्यांना जसेच्या तसे सांगितले. त्यावर बाळाची आत्या हर्षा म्हणाली, "आंदी कागद आना, मंग घेतो पोरीले मांडीवर." आत्याने मांडीवर घेऊन कानात नाव सांगितल्याशिवाय आमच्यात नामकरण होत नाही. पोर बिननावाची आहे. जावई फोन उचलत नाहीत.

दाखल्यासाठी अर्जदार अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथे म्हणाले, चाचणी राजस्थानात झाली, तिकडे विचारा. तिकडे अर्ज धाडला, तर उत्तर आले की, येथे कोणासही बाधा झाल्याची नोंद नाही, सबब तपासणीचा प्रश्न उद्भवत नाही. तो कागद दाखवला, तर व्याही म्हणाले, "नोंद नाई मंजे बाधा नाई, असं कुठी लिवलं हाय?" मॅडम, अर्जदारालाही ते कुठे सापडले नाही. देवमन यांना तो कर्करोग कशामुळे झाला, हेही कोणी सांगत नाही. बाळाला पाजताना भावना विचारते, "माय, माह्यातच काई हाय का वं?" तिला काय उत्तर द्यावे, हे कृपया कळवावे.

सबब, दाखला देता येत नसेल तर राहू द्यावा. येत्या पौर्णिमेला विहारात नामकरण ठेवले आहे. आत्या येणार नाही. तरी आपण यावे, आत्या व्हावे, आणि गावासमोर पोरीला मांडीवर घ्यावे. नाव भावना सांगेल.

हातमोजे मात्र घालू नयेत, ही विनंती.

आपल्या वाटेकडे डोळे लावून,
केशरबाई देवमन सिरसाट
दि. १२ फेब्रुवारी २०२६

सोबत : राजस्थानातून आलेल्या उत्तराची प्रत. बाळाचा फोटो जोडलेला नाही. भावना काढू देत नाही.