थिरथिऱ्याला साक्षीदार हवा

ती. साडूभाऊंना,

दोन्ही हात जोडून नमस्कार (वाकून केला असता, पण खिडकीखाली उकिडवं बसून पाठ धरली आहे, का, ते ओघाने येईलच). तुमचा खोकला, ताईंचे गुडघे आणि भिंतीवरचं घड्याळ, तिघंही बरी असतील अशी आशा आहे. घड्याळ पुन्हा मागे पडलं तर दुकानात घेऊन या, घरचं माणूस म्हणून लगेच करून देईन.

तर सांगायची गोष्ट अशी, की तुमचा साडू आता साधा घड्याळजी राहिलेला नाही. आमच्या पक्षीमंडळाची हिवाळी गणना चालू आहे. बाकीचे सभासद तलावावर कुडकुडत बदकं मोजतात, आणि मी गेल्या रविवारी घरबसल्या, हॉलच्या खिडकीतून थिरथिरा पाहिला! चिमणीएवढा जीव, वरून काजळासारखा काळा, पोटाला विटकरी, आणि शेपटी सारखी थरथरती (घड्याळातलं बारीक चाक असंच थरथरतं, म्हणून तर माझ्या नजरेने टिपलं; येरागबाळ्याचं काम नव्हे). मंडळाच्या यादीत हा पक्षी आजवर एकदाही नाही. कठड्यावर बसला, दोनदा वाकला, डावीकडे उडाला. हे नीट ध्यानात ठेवा. डावीकडे.

पण आमच्या अध्यक्षबाई पडल्या दातांच्या डॉक्टर. त्यांना दात काय नि पुरावा काय, मुळासकट लागतो. नव्या पक्ष्याला घराबाहेरचा साक्षीदार हवा म्हणाल्या. गेल्या वर्षी मी कळवलेला गरुड म्हणजे तारेवर अडकलेला शेजाऱ्यांचा मोजा निघाला, हेही त्या चारचौघांत सांगतात (मोजा मोठा होता, हे सांगत नाहीत). तुमची मेहुणी तेव्हापासून मला 'मोजेवाले' म्हणते. थट्टेचं मला काही नाही, साडूभाऊ. पण या खेपेला मी खरंच पाहिलं आणि कुणी खरं मानेना, हे मनाला लागलं. दुकानाआधी आणि दुकानानंतर त्याच खिडकीखाली दबा धरून बसतो, पण पठ्ठ्या फिरकत नाही. गणना येत्या रविवारी संपते.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. गेल्या रविवारी जेवण करून तुम्ही आमच्याच कोचावर आडवे होतात. घोरत होतात हे खरं, पण तोंड खिडकीकडे होतं. एखादा डोळा किलकिला झालाच असेल. सोबतच्या कागदावर सही तेवढी करून पाठवा.

आणखी एक ता. क. भाऊजी, पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून चिकटवण्याआधी लिहितेय. खोटी सही करू नका. तो पक्षी हे दुकानात गेले की रोज स्वयंपाकघराच्या खिडकीत मुंग्या टिपायला येतो. यांच्या आधीपासून मी त्याला बघतेय, पण ही गोष्ट यांना कळू देऊ नका. येत्या शनिवारी दुकान बंद आहे. ताईला घेऊन या. मी यांनाच आधी त्या खिडकीशी उभं करीन, मागून तुम्ही बघा, डोळे उघडे ठेवून. त्या रविवारी संध्याकाळी हे भांडी पुसताना शीळ घालत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना शीळ येते हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरबाईंनी साक्षीदार मागितला, तशी ती बंद झाली. तेव्हा शनिवारी नक्की या.