बिननवऱ्याच्या घरी सणाची टोपली

शुब्रा, कैरो
१६ फेब्रुवारी

प्रिय आई,

तुला पोटभर सलाम. गुडघे कसे आहेत? थंडीत गच्चीवर कपडे वाळत घालायला जाऊ नकोस, खालीच दोरी बांध.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. अगं, माझा फोन आला की बाबा उठून कबुतरांकडे जातात. पत्र मात्र त्यांनाच वाचून दाखवावं लागतं, कारण तुला वाचता येत नाही आणि शेजारच्या नादियाकडे दिलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या दसूक गावाला पाठ होईल. तेव्हा वाचणाऱ्यालाही सलाम. वाचणाऱ्याने खाकरून मधल्या ओळी गाळू नयेत.

माझं झकास चाललंय. लॅबमध्ये आता अख्खी कवळी माझ्या एकटीवर सोपवतात. परवा एका म्हाताऱ्या वकिलाला इतके सुरेख दात करून दिले, की त्याचं तोंड मिटेना. मुलुखियाची पातळ भाजी मात्र अजून बिघडते, पाला तळाशी बसतो. तू लसूण कधी टाकतेस ते एकदा नीट सांग.

आता टोपलीची गंमत ऐक. रमजानआधीचा शाबानचा सण होता, मी दुपारी केस धुऊन बसले होते. खालून आपल्या दसूकचा मायक्रोबसवाला अतवा बोंबलला, "सुहैला! माहेरची सणाची टोपली आलीय! बदकं जिवंत आहेत, लवकर ये, चावतायत!"

अख्ख्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या. सणाची टोपली कोणाला जाते? लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकीला. मी खाली पोचेपर्यंत दारवान इद्रीसकाका कमरेवर हात ठेवून उभे. "वा गं पोरी! लग्न उरकलंस आणि आम्हाला साधं सरबतसुद्धा नाही?" समोरचा इस्त्रीवाला लगेच मला लग्न झालेल्या बाईसारखं 'मादाम' म्हणायला लागला. मी आपली दोन बदकं बगलेत मारून जिना चढले. मागून कोणीतरी लग्नातली आनंदाची किलकारीसुद्धा ठोकली!

घरात येऊन बदकं सोडते न सोडते तोच वरून घरमालकीण हज्जा बहिया आल्या. त्या हसत नव्हत्या. "मी एकट्या मुलीला घर दिलं होतं. नवरा कुठे लपवलायस?"

"हज्जा, नवरा नाहीच. अल्लाशपथ."

"मग टोपली काय आभाळातून पडली? चोरून लग्न केलेल्या मुली मी इथे ठेवत नाही. आजच सामान बांध."

आई, घर शोधताना किती दारांनी मला "वडिलांना घेऊन ये" म्हणून परत पाठवलं होतं, तुला माहीत आहे. हज्जांनी कपाट उघडलं, पडदा सारला, पलंगाखाली वाकल्या. तिथून एक बदक ओरडत निघालं ते थेट त्यांच्या झग्यात! हज्जा किंचाळल्या, बदक किंचाळलं, मी हसू दाबता दाबता रडायलाच लागले. त्या खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "खरंच कोणी नाही? मग बिननवऱ्याच्या घरी टोपली कोणी पाठवली?"

"माझ्या बाबांनी."

हज्जांनी झग्यावरची पिसं झटकली. "माझ्या बापाने मला नवरा गेल्यावर टोपली पाठवायची बंद केली होती," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी इद्रीसकाकांच्या बायकोने बदकं कापून दिली, हज्जांनी भात केला आणि आम्ही तिघी बोटं चाटत जेवलो. घर सुटलं नाही. इस्त्रीवाला अजून मादाम म्हणतो, म्हणू दे.

फोनवर तू म्हणालीस, टोपली तूच भरलीस. बदकं तुझी, तूप तुझं, मान्य. पण तळाशी खोक्यात ती दोन पांढरी कबुतरं होती ना? त्या खुराड्याला तू हात लावलास तर घरात काय गहजब होतो, हे मी लहानपणापासून बघतेय. ती देणारा माणूस एकच.

मी निघाले त्या दिवशी तो माणूस म्हणाला होता, "मुलीला घर बापाचं, नाहीतर नवऱ्याचं. तिसरं घर नसतं." त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. मी इथे हसतखेळत राहते, पण ते वाक्य रोज माझ्याबरोबर कुलूप उघडून आत येतं. आणि आता त्याच माणसाने त्या तिसऱ्या घरी टोपली धाडली. बाबा, मला समजलं. तुम्ही काही बोलू नका, पुढे वाचा फक्त.

कबुतरं मी कापली नाहीत. बाल्कनीत जाळी लावून ठेवलीत. सोडली तर सरळ दसूकला परततील, म्हणून सोडतही नाही. दाणे टाकते, तरी रुसल्यासारखी बसतात, अगदी मालकावर गेलीत. त्यांना समजावायला कोणीतरी जाणकार यायला हवा. रमजानच्या पहिल्या शुक्रवारी सूर्य मावळताच, मगरिबला, रोजा माझ्याकडे सोडा, दोघंही. मुलुखिया बिघडली तर हज्जांकडून आणीन. अतवाची पुढची सीट मी सांगून ठेवलीय, आईच्या गुडघ्यांसाठी. तिच्या शेजारची कोणासाठी, ते वाचणाऱ्याला कळेल.

दाराला बेल आहे, पण तुम्ही नेहमीसारखी कडी वाजवा. मी ओळखेन.

तिसऱ्या घरातून,
तुमची दोघांची,
सुहैला