आतून कडी

१२ मार्च १९६३, मंगळवार. तळोदा.
निर्णय झाला. आईसाठी नवी बाथरूम. मोरी नव्हे, बाथरूम!
संक्रांतीला आई त्या शेवाळलेल्या मोरीत पडली, खुबा सरकला. हाडवैद्यानं बसवला. आता काठीवर चालते, पण आंघोळ सरला घालते. सरला म्हणजे माझी बायको. ती तक्रार करत नाही, फक्त भांडी आपटते. आईला मात्र सहन होत नाही. सुनेसमोर उघडं बसायचं म्हणजे मेल्यासारखं, म्हणते.
काल जेवताना आईनं फर्मान काढलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वडिलांच्या नावाची घागर तीच भरणार, आणि तीही आपल्या हातानं न्हाऊन, आतून कडी लावून. तोवर जमलं नाही तर धानोऱ्याला भटूकडे. कायमची.
भटू माझा धाकटा भाऊ. त्याच्याकडे मोरीसुद्धा नाही, विहिरीपाशी एक दगड आहे. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर, आणि माझी आई भटूच्या दगडावर? लोक तोंडात शेण घालतील.
आखाजी २६ एप्रिलला. पंचेचाळीस दिवस. एवढ्यात मी मोऱ्या काय, पूल बांधलेत. (एक. छोटा.)

१४ मार्च.
रेस्ट हाऊसवर विलायती मासिक मिळालं. त्यात बाथरूमचं चित्र. पांढऱ्या चकचकीत टाइल्स, निळी किनार, आरसा, बसायला कट्टा, धरायला नळी. सोयीची आणि देखणी, दोन्ही! पांगळ्या माणसानं कुरूप जागेत का न्हावं?
तीन रंगांत ड्रॉइंग काढलं. वर लिहिलं, ‘आदर्श स्नानगृह, प्रकार पहिला’. सरलानं विचारलं, नळाला पाणी कुठून येणार? बायकांना मूळ कल्पना कळत नाही. वर पिंप ठेवू. ते ती भरेल.

१८ मार्च.
माप घ्यायला गेलो. आई खाटेवर पडलेली. मी टेप पायापासून डोक्यापर्यंत लावला, तर तिनं अशी किंकाळी मारली की शेजारच्या सुगंधाबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. आई ओरडली, जिता मानूसनं माप कोनी लेस का रे? आपल्याकडे असं माप फक्त तिरडीचे बांबू तोडताना घेतात, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. दोघींनी मिळून मला धू धू धुतलं. टेप आईनं उशीखाली ठेवून घेतला.
सरला म्हणाली, भिंतीशी उभं करा, हात पोचेल तिथं कुंकवाचं बोट लावा. अशास्त्रीय.
उपाय सापडला. स्वतःचं माप घेतलं. आई आणि मुलगा, हाड एकच. सगळे म्हणतात मी आईवर गेलोय. मी पाच फूट दहा इंच. आई किंचित कमी.

२ एप्रिल.
सिमेंटच्या परमिटपायी पंधरा दिवस गेले. माझा दोष नाही.
अक्कलकुव्याकडचा आमशा गवंडी कामाला लागला. त्यानं ड्रॉइंगकडे पाहिलं, मग ओट्यावर बसलेल्या आईकडे, मग परत ड्रॉइंगकडे. म्हणाला, म्हातारीला एकदा विटांवर बसवून बघू. मी म्हणालो, मग ड्रॉइंग कशाला काढतात? तो विटा भिजवायला गेला. मुद्दा पटला असावा.

११ एप्रिल.
सुरतेहून टाइल्स आल्या. एस.टी.च्या टपावरून. अकरा फुटल्या, बाकी आरशासारख्या. आमशा म्हणतो, पायाखाली छिन्नीनं टाकी मारलेली खरबरीत फरशी घाला. म्हणजे पुन्हा मोरीच की! ऐकून घेतलं. ऐकलं नाही.
आई रोज विचारते, हिलाल, झालं का? रोज सांगतो, होतच आलं.

१९ एप्रिल. सायंकाळ.
पूर्ण! सुगंधाबाई ‘अगं माय’ म्हणाल्या. दवाखान्यापेक्षा पांढरी आहे, म्हणाल्या.
आईला आत नेलं. सरलानं उचलून कट्ट्यावर बसवलं. पाय अधांतरी. झोपाळ्यावरच्या पोरीसारखे लोंबत होते. नळी कानाजवळ. नळापर्यंत हात जाईना. आरसा तिच्या डोक्याच्याही वर. त्यात पाहून म्हणाली, यामा मी तं शेच नही.
सवय होईल, म्हणालो.
आईनं पदर तोंडाला लावला. आनंदानं असावा.
रात्री नऊ. आनंदानं नव्हता. मला माहीत आहे.

२२ एप्रिल.
पायांखाली पाट ठेवून पाहिला. पाट घसरून थेट उंबऱ्याला लागला. नशीब, आई वर नव्हती. कट्टा फोडावा तर टाइल्स जातील, आणि सुरतेहून चार दिवसांत येत नाहीत. नळी खाली घ्यावी तर भिंत उकरावी लागेल. डोकं चालत नाही. दोन घास गेले नाहीत.
आईनं गाठोडं बांधलंय. भटूची बैलगाडी आखाजीला येणार. आई गेली तर या घरात मी कुणाचा मुलगा म्हणून राहू?
आमशा मागच्या अंगणात तुराट्या बांधत बसलाय. राडारोडा उचलायचा सोडून.

२४ एप्रिल.
(पडून लिहितोय. अक्षर त्यामुळे.)
शेवटचा उपाय, प्रात्यक्षिक. आईला दारात बसवलं. फरशी ओली केली, साबण लावला, म्हणजे खात्री पटेल. एका हातात साबण, दुसऱ्यात ड्रॉइंग. बघ आई, कसं बिनधास्त, एवढं म्हणालो.
नळी धरायला हातच मोकळा नव्हता.
नंदुरबारच्या डॉक्टरनं पायाला मांडीपासून प्लास्टर घातलं. दोन महिने. चौघांनी फळीवर घालून घरी आणलं. सुगंधाबाईंनी वाटेत हात जोडले. जिवंत आहे, असं मी ओरडून सांगितलं.

२६ एप्रिल. आखाजी.
पहाटे मागच्या अंगणात पाण्याचा आवाज. खिडकीतून पाहिलं. आमशानं तुराट्यांचा कूड उभा केलाय. आत बसका, टाकी मारलेला दगड. आईला त्यावर बसवून, ती हात टाकेल तिथंच बांबू बांधला, असं सरला म्हणते. दाराला दोरीचा फास, आतल्या खुंटीत अडकवायचा. आईनं तो स्वतः अडकवला. बराच वेळ न्हात होती. गुणगुणत होती! संक्रांतीनंतर पहिल्यांदा.
ओल्या केसांनी तिनं वडिलांची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. मी खाटेवरूनच हात जोडले. रडलो. प्लास्टर दुखत होतं म्हणून नव्हे.
भटू गाडी घेऊन आला, पुरणपोळी खाऊन एकटाच गेला. आई त्याला म्हणाली, याले असा टाकीसन कशी येऊ?

५ मे, रविवार.
आज मला पहिली आंघोळ. कुडात माझा प्लास्टरचा पाय मावेना. म्हणून बाथरूम. आमशानं फरशीवर पोतं अंथरलं, सरलानं प्लास्टरला मेणकापड गुंडाळलं, दोघांनी कट्ट्यावर बसवलं आणि बाहेर गेले.
चांगला पाय जमिनीला बरोबर टेकतो. नळी हाताशी. नळ हाताशी. आरशात अख्खा चेहरा. इंचाचाही फरक नाही. पंचेचाळीस दिवस मी एका पांगळ्यासाठी खपलो, आणि तो मीच निघालो.
कडीसुद्धा बसल्या जागी हाताला लागते. लावायला गेलो.
बाहेर आई पाटावर बसली होती. काठी दारावर आपटून म्हणाली, हिलाल, कडी लावू नको रे. पडना तं मी कशी उचलसू तुले?
लावली नाही.