काळं ते चांगलं

१२ मार्च, मंगळवार

आमच्या हापिसातल्या व्यंकट सरांचं डोकं फिरलंय! दिवसभर एकच — "हात चालवा, पोरींनो!" बोटं दुखून राहिलीत. कॉम्प्युटरवर चंद्राचे फोटो बघायचे, यान उतरायला चांगली जागा हिरवी रंगवायची, धोक्याची लाल. आम्ही रंगवतो त्यावरून यंत्र शिकतं, आणि मग ते यंत्रच यान उतरवणार म्हणं. अन् इथं उदगीरात टँकर पाचव्या दिवशी! चौकात घोषणा चालू — उदगीर जिल्हा झालाच पाहिजे. झाला म्हणून नळाला पाणी येणार हाय काय?

१५ मार्च

मेले मी! आम्हाला काम देणाऱ्या बंगळूरच्या कंपनीतल्या मॅडमनी आज समजावलं — फोटोतलं गडद काळं म्हणजे खड्ड्यातली सावली. धोका! अन् मी पंधरा दिवस काळं दिसलं की हिरवं करून राहिले. आमच्याकडं काळी म्हणजे कसदार, पांढरट म्हणजे नुसता माळ. नीलम्माक्का आम्हा पोरींवर देखरेख करते, चाकूरकडची, शेतकऱ्याचीच लेक. तिनंच पहिल्या दिवशी सांगितलेलं, "काळं ते चांगलं, शिवगंगा."

सरांना जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, "गप बस. यंत्र हुशार हाय, आपलं आपण सुधारतंय. बोंब झाली तर सगळ्यांचं काम जाईल."

१६ मार्च

गप बसले.

३ एप्रिल

यान पडलं. सगळ्या एकाच मोबाइलवर वाकून बघत होतो. अक्का सांगत होती, शेवटच्या घडीला इथून कुणी काही करू शकत न्हाई, जागा यंत्रच निवडतंय. मग पडदा काळा झाला. मला रडू आवरेना. मी पाडलं ते!

४ एप्रिल

बंगळूरला एक नाव पाहिजे होतं. सरांनी सगळ्यांना उभं केलं. "काळ्यावर हिरवं कुणी मारलं?" सगळं माहीत असून विचारतो, बेशरम! माझी मान वर होईना.

अक्का म्हणाली, "मी शिकवलं तसं पोरींनी केलं. चूक माझी." सर तिला म्हणाले, उद्यापासून येऊ नका. झालं. चपला घालताना तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. मी सरांना बेशरम म्हणते — अन् मी कोण?

१० एप्रिल

आज काही लिहावं वाटत न्हाई.

२ मे

अहवाल आला. यंत्रानं जागा बरोबर निवडली होती! इंजिनच मधी बंद पडलं. आमच्या रंगवण्याचा काडीचा संबंध न्हाई. पळत सरांकडं गेले — अक्काला परत बोलवा.

सर म्हणाले, "अन् बसवू कुठं? तिच्या खुर्चीवर तर तीन आठवडे झाले, तूच बसतीस."