भोरड्या, कणीस आणि अक्काची अट

१८ जाने., रवि. मुखेड
कालच्या एस.टी.ने अक्काकडे आले. ज्वारी काय भरलीय! न्याहारी उरकून कॅमेरा घेऊन मळ्यात निघाले तर म्हणते, "बसूनच राहणार तर पाखरं तरी हाकल." म्हणजे थोरल्या बहिणीला फुकटची राखणदार, मला फोटो काढायला शेतातला उंच माळा फुकट.

भर उन्हात भोरड्यांचा थवा उतरला. काळं डोकं, फिकं गुलाबी अंग. पण फोटोत डोकं म्हणजे डांबराचा ठिपका, डोळ्याचा पत्ता नाही. एक्स्पोजर +१ केलं, डोळा आला! त्या नादात हाकलायचं राहून गेलं.

अक्का बांधावरूनच ओरडली, "कुंपणच शेत खाऊन राहिलंय, सांगू कुणाला?"

संध्या. फोटो दाखवला. चष्मा लावून बघितला, पण पक्ष्याकडे ढुंकून नाही. "कणसाला काय झालं शोभे? चुना फासल्यावानी दिसून राहिलंय. असली हाय का माझी ज्वारी?" खरंच, उजेड वाढवला तशी कणसं पांढरीफटक. तिला लागलं ते. थंडीभर राबलीय बाई.

मग अट घातली. "दाणा न् दाणा दिसंल असा फोटू काढ. तवर बसू देते त्यायला. न्हाई जमलं तर गोफण."

२५ जाने., रवि. मुखेड
−१. कणीस सुरेख, डोकं परत डांबर. शून्य. दोन्ही अर्धवट. अक्का खाली गोफण घेऊन.
"झालं का?"
"थांब."
"किती खाऊन राहिल्यात बघ!" आणि सुटला दगड. सगळा थवा भुर्र.

मीही भडकले. जेवेपर्यंत अबोला. मग तिनेच न विचारता ताटात दुसरी भाकरी टाकली. मिटलं.

२८ जाने., बुध. नांदेड
सकाळी घरी खिडकीसमोर डोक्याच्या जागी काळा तवा आणि कणसाच्या जागी ज्वारीच्या पिठाची वाटी मांडली. कोवळं तिरकं ऊन माझ्या पाठीवर. −०.७. तव्यालाही चकाकी, पीठही पीठच! दुपारी तेच मांडून पाहिलं, सगळं बिघडलं. म्हणजे नुसता आकडा बदलून भागणार नाही, न्याहारीची चैन सोडून पहाटे उठायला हवं. भाकरी मात्र उशिरा झाली, तवा खिडकीसमोर!

१ फेब्रु., रवि. मुखेड
उद्यापासून काढणी. म्हणजे आज नाहीतर पुढच्या वर्षी.
उजाडताच पूर्वेच्या बांधावर, सूर्य पाठीशी. −०.७. अक्का मागे उभी, गोफणीत दगड भरलेला. थवा उतरला. पहिले फोटो गेले, सगळ्यांच्या माना खाली. मागून कुजबुज, "काढ लवकर. हात दुखून राहिलाय." वळून पाहिलं तर गोफण तशीच धरून ठेवलेली, माझ्यासाठी. फार माया आली तिची.

एका भोरडीने मान वर केली. डोळ्यात उन्हाचा कण, अंग गुलाबी, आणि कणसाचे दाणे वेगवेगळे.

अक्काने कितीतरी वेळ पाहिलं. "हाव, दिसून राहिलाय दाणा. टपोरा हाय की न्हाई?"
"लई टपोरा."
"फ्रेम करून आण." मग फोटोवर बोट ठेवून, "भोरडी पुसता येती का ह्यातली?"
"नाही."
विचार केला तिने. "मग राहू दे बसलेली."

मी आज इतकी खूश आहे की काल एस.टी.त उभ्याने आले त्याचंही काही वाटत नाही.

८ फेब्रु., रवि. मुखेड
फ्रेम लागली, दाराच्या समोरच. येईल त्याला अक्का आधी दाणा दाखवते.

रान मोकळं झालंय. पूर्वेच्या बांधाकडे मात्र ज्वारीची चार ताटं उभी, कणसांसकट. विचारलं तर म्हणते, "काढायची राहून गेली." अक्काची आणि ज्वारी काढायची राहते!

इथंच बसून लिहितेय. सूर्य पाठीशी, −०.७ लावून तयार. अक्का शेजारी, आज गोफण घरीच. अजून एकही भोरडी नाही. तिनेच दोनदा आभाळाकडे पाहिलं.

"येतील का गं?"