उत्तर आलं तर दोषी

सोमवार
आज रुजू झालो. या कचेरीच्या मेल सर्व्हरचा राखणदार आता मी! पदवी नाही, पण पुस्तकं वाचून स्वतः जे शिकलो ते पदवीवाल्यांना जमत नाही, हे मुलाखतीतच दिसलं. खिडकीजवळचं टेबल मिळालं. एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी. माझ्या मशीनचा क्रमांक १०.१२.४.८.

काम चोख आहे. मेल घेऊन येणाऱ्या प्रत्येक मशीनचा क्रमांक तपासायचा. पांढऱ्या यादीत असेल तर थेट आत. नसेल तर काळ्या यादीला विचारायचं, तेही क्रमांक उलटा करून. त्या यादीत सगळे क्रमांक शेवटाकडून लिहिलेले असतात, आणि क्रमांक सापडला तरच ती उत्तर देते. उत्तर आलं तर दोषी. नाही आलं तर निर्दोष.

लेक वर्षभराने येतेय, रविवारी. गाडीची वेळ मेलने कळवणार आहे. ही म्हणाली, स्टेशनवर वेळेत जा, नाहीतर पोरगी बापाला ओळखायची नाही.

मंगळवार
पांढऱ्या यादीत शेवटी ८.४.१२.१०. कुणाचा, कशासाठी, काही शेरा नाही. तिथून रोज सव्वाअकराला एक कोरा मेल येतो. माझ्या नावाने. जुन्या नोंदी काढल्या. महिनाभर येतोय. मी तर काल आलो.

आवक-जावक बघणाऱ्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, भाऊ, त्या ओळीला हात लावू नका. तुमच्या आधीच्यांनी लावला, आणि डबा टेबलावर ठेवून जे गेले ते गेलेच. हसून म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता. यांचंच काहीतरी काळंबेरं असणार.

बुधवार
ओळ काढली. वर तो क्रमांक आपल्या काळ्या यादीत टाकला. सव्वाअकरा झाले. मेल नाही. मला शिकवतायत!

गुरुवार
सकाळी बघतो तर ओळ परत पांढऱ्या यादीत. बाईंवर दिवसभर डोळा ठेवला, त्या जागच्या हलल्या नाहीत. लेकीला लिहिलेला मेल आपल्याच सर्व्हरने परत केला. कारण: पाठवणारा काळ्या यादीत.

तपासलं. वीस वर्षांत पहिल्यांदा क्रमांक उलटा करायचा राहिला. सरळच लिहिला, आणि यादीने तो शेवटाकडून वाचला. म्हणजे अडवला गेला तो १०.१२.४.८.

मी.

शुक्रवार
चूक पुसायला गेलो. सर्व्हर माझ्या मशीनला आत घेईना. बाईंना तीनदा हाक मारली, मान वर नाही. पहारेकऱ्याच्या वहीत माझं नाव नाही— परवापर्यंत होतं—

पडद्यावर एकच ओळ. ८.४.१२.१० वरून मेल गेला. माझ्या नावाने. लेकीला.

शनिवार
लेकीला फोन केला. म्हणाली, बाबांना वेळ कळवली, त्यांचं उत्तरही आलं, तुम्ही कोण? मी बाबा म्हटलं. तिने फोन ठेवला.

रविवार
सकाळपासून प्रत्येक गाडी पाहिली. तिसरीतून उतरली. माझ्या खांद्याला घासून पुढे गेली— बॅग दुसऱ्याच कुणाच्या हातात— त्याच्या अंगात माझा कोट—

घराच्या जिन्यावर बसून लिहितोय. किल्ली लागत नाही. आत ती हसतेय. हीसुद्धा.

उत्तर नाही आलं तर निर्दोष. नकोच येऊ दे—

दार वाजवलं. विचारलं, आत कोण आहे?

उत्तर आलं. माझ्याच आवा