डावी भुवई

मंगळवार, १२ मार्च २०१३, लालबाग

आज लेसरची शेवटची खेप होती. भुवयांचं गोंदण पूर्ण जाईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

भुवया माझ्या धाकट्या बहिणीने, सुमीने गोंदल्या होत्या. बाबांची गिरणी बंद पडल्यावर एकीलाच कॉलेज परवडणार होतं. मी गेले, ती पार्लर शिकली. गोंदायची सुई हातात आली तेव्हा पहिलं गिऱ्हाईक मीच. "ताई, हसू नकोस गं, वर जाईल!" मी हसले आणि डावी भुवई वर गेली.

ऑफिसात विचारायचे, "मॅडम, एवढं आश्चर्य कसलं?" मला लाज वाटायला लागली. भुवईची, की सुमीच्या कामाची?

पहिल्या खेपेनंतर कपाळ लाल झालेलं पाहून तिने विचारलं. मी ॲलर्जी म्हटलं. तिनेच बर्फ लावून दिला. पार्लरवालीला लेसर ओळखू आलं नसेल?

गेल्या महिन्यात सुमी गेली.

तरी मी आज त्या खुर्चीत जाऊन पडले. डोळ्यांवर झाकणं बसवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हलू नका." मी लेसर न करताच उठून घरी आले.

डाव्या भुवईचं वर गेलेलं टोक अजूनही फिकटसं दिसतंय.

सुमे, ॲलर्जी नव्हती गं ती.